अभागी माळावरचे फिरस्ते

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा एखाद्या गाजलेल्या संपावर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. ‘हरणांविषयी बोलतो’ असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या माणसाने शाळा नववीत सोडली, आयुष्याची तीस वर्षे ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांबरोबर फडाफडांतून काढली, आणि जे काही चार शब्द शिकला ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर बसून शिकला, त्याने मध्य आशियातल्या हरणांचा इतिहास सांगावा, हे जरा विचित्रच. म्हणून या विषयाशी आमची गाठ कशी पडली, ते आधी सांगणे प्राप्त आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी सरत आला होता. हंगाम संपायला दीड-दोन महिने होते, आणि अशात तीन दिवस अवकाळी पाऊस पडला. फडात चिखल, खोप्यांत पाणी. पाऊस उघडल्यावर ऊन असे कडकडीत पडले की सगळा तळ वाफाळून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गाडीवानाच्या बैलाने वाढ्याला तोंड लावले नाही. दुपारी त्याचा गळा सुजला, श्वासाची घरघर तळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येऊ लागली, आणि दिवेलागणीला बैल गेला. रात्रीत त्याचा जोडीदारही गेला. गुरांचा डॉक्टर येण्यापूर्वीच टोळीतल्या म्हाताऱ्यांना रोगाचे नाव ठाऊक होते : घटसर्प. बैल उचलीच्या पैशातून घेतलेले होते. बैल गेले, उचल मात्र राहिली. आम्ही भरपाई मागायला गेलो तेव्हा टेबलापलीकडून उत्तर आले, ‘दैवी आपत्तीला आम्ही काय करणार?’

हा शब्द आमच्या धंद्यात फार ऐकावा लागतो. भिंत पडली, दैवी आपत्ती. विहीर खणताना दरड कोसळली, दैवी आपत्ती. त्यामुळे हा शब्द कानी पडला की त्याच्या आड कोण उभा आहे ते शोधायचे, अशी आम्हाला खोड लागली. पुढे २०१८ साली ग्रंथालयात एका शास्त्रीय निबंधाचा गोषवारा आमच्या वाचनात आला. मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या माळावर सायगा जातीची दोन लाखांहून अधिक हरणे सुमारे तीन आठवड्यांत मेली, आणि ती ज्या रोगाने मेली तो आमच्या गाडीवानाचे बैल नेणारा घटसर्पच होता, असे त्यात लिहिले होते. आम्ही मुकाट्याने वही काढली. त्या वहीत जे साठत गेले, ते येथे सांगतो आहोत.

प्रथम या जनावराची ओळख करून घेऊ. सायगा हा आपल्या काळविटाचा दूरचा भाऊबंद. आकाराने मेंढीएवढा, खांद्याशी दोन-सव्वादोन फूट उंच, वजन तीस-चाळीस किलो. त्याला पाहिल्यावर नजर ठरते ती नाकावर. ते आखूड सोंडेसारखे तोंडावर लोंबते. उन्हाळ्यात कळपाच्या खुरांनी उडालेली धूळ त्यात गाळली जाते, आणि हिवाळ्यात बोचरी हवा फुप्फुसात जाण्याआधी त्यात ऊबदार होते. शिंगे फक्त नराला. ती मेणासारखी पिवळसर आणि किंचित पारदर्शक असतात. त्या शिंगांनीच पुढे या जातीचा घात केला, पण ते ओघाने येईलच.

कझाकस्तान हा देश एवढा विस्तीर्ण की त्यात महाराष्ट्रासारखी जवळजवळ नऊ राज्ये मावतील, आणि लोकवस्ती मात्र सुमारे दोन कोटींची. त्याच्या मध्यभागी बेतपाक-दाला नावाचा ओसाड माळ पसरला आहे. या नावाचा अर्थ ‘अभागी माळ’ असा सांगतात. सायगांचा सर्वांत मोठा कळपसमूह या माळाच्या नावानेच ओळखला जातो. हिवाळा ते दक्षिणेच्या वाळवंटी भागात काढतात, कारण तेथे बर्फ कमी पडते. वसंत लागला की नव्या गवतामागून ते उत्तरेकडे निघतात. मेच्या मध्यावर वाटेतच हजारो माद्या एके ठिकाणी जमून आठ-दहा दिवसांच्या आत वितात. पुष्कळींना जुळे होते. आईच्या वजनाच्या मानाने एवढी मोठी पिले रानटी खुरवाल्या प्राण्यांत दुसऱ्या कोणाला होत नाहीत, असे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. पिलू दोन दिवसांत धावू लागले पाहिजे, नाहीतर कळप पुढे जाईल आणि ते मागे राहील; म्हणून निसर्गाने त्याला पोटातच मोठे केले. त्यानंतर उन्हाळा उत्तरेच्या गवताळ भागात, आणि थंडी पडू लागली की पुन्हा दक्षिण. एका वर्षात शेकडो मैलांची ही चाल होते.

आमच्या टोळ्याही दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि चैत्र-वैशाखात परततात. जो गाव सोडतो त्याला लोक अस्थिर म्हणतात. त्याच्या पायांना स्थैर्य नाही हे खरे. परंतु त्याच्या मागे एक पक्का हिशेब असतो. गावात चार महिने पोट भरत नाही, म्हणून तो निघतो. सायगाचाही हिशेब हाच. उत्तरेत हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडले जाते, दक्षिणेत उन्हाळ्यात ते करपते. एकाच जागी राहील त्याला एका ऋतूत मरणे भाग आहे. तेव्हा स्थलांतर हे हवेच्या लहरीपणाला दिलेले फार जुने आणि फार शहाणे उत्तर आहे, ही गोष्ट आम्ही प्रारंभीच बजावून ठेवतो. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

हवा बदलण्याचा प्रसंग या जातीवर प्रथमच आलेला नाही. शेवटच्या हिमयुगात सायगा मॅमथ हत्तींच्या सोबतीने चरत होता. त्याची हाडे पश्चिमेस इंग्लंडात आणि पूर्वेस पार अलास्का व कॅनडाच्या वायव्य टोकापर्यंत सापडली आहेत. पुढे हिम ओसरले, कोरड्या गवताच्या जागी अरण्ये आणि दलदली आल्या, मॅमथ नामशेष झाले. सायगा मागे सरकत सरकत मध्य आशियाच्या माळावर येऊन राहिला. म्हणजे पृथ्वी तापण्याची एक फेरी त्याने पचवली आहे. मात्र त्या फेरीला हजारो वर्षे लागली, आणि त्याच्या वाटेत तारेचे कुंपण नव्हते. आजच्या प्रश्नाचे सगळे मर्म या दोन फरकांत आहे.

त्या माळावर दुसराही एक फिरस्ता राहत होता, तो म्हणजे कझाक माणूस. मेंढ्या, घोडे, उंट घेऊन तोही हिवाळ्यात दक्षिणेला आणि उन्हाळ्यात उत्तरेला जाई. माणूस सायगाची शिकार करीच. उस्तयुर्त पठारावर बाणाच्या आकाराच्या लांबच लांब जुन्या भिंती आणि चर आजही दिसतात. कळप त्यांत हाकलून टोकाशी कोंडीत पकडायचे, अशी ती रचना होती. तरीही माणूस आणि हरीण दोघांचा खरा वैरी एकच होता. त्याचे कझाक नाव ‘जुट’.

जुट म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या हवामानबदलाची भाषा त्यातून कळते. नुसत्या कडाक्याच्या थंडीने जनावर मरत नाही. भुसभुशीत बर्फ खुराने उकरून ते खालचे गवत खाते. पण भर हिवाळ्यात मध्येच ऊब आली, बर्फ वितळले किंवा त्यावर पाऊस पडला, आणि पुन्हा गारठा पडला, म्हणजे जमिनीवर काचेसारखा थर चढतो. खाली गवत आहे आणि वर तोंड बंद. खुरे रक्ताळतात, थर फुटत नाही, आणि जनावरे उपाशी मरतात. जुट दर बारा वर्षांनी, सशाच्या वर्षी येतो, अशी कझाकांची समजूत होती. १८७९-८० चा जुट असाच त्या वर्षात आला आणि लोकांच्या स्मरणात राहिला. त्यावर इलाज एकच : घोडे पुढे घालून थर फोडायचा, आणि तेही जमले नाही तर रातोरात जेथे थर नाही तेथे निघून जायचे. ज्याच्यापाशी जायला जागा होती तो वाचला. सायगाही तेच करी. पळायला मोकळी वाट हाच त्या माळावरचा विमा होता.

उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात हल्ली हेच घडते आहे. रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला, तो गोठला, आणि त्या हिवाळ्यात तेथील नेनेत्स लोकांचे सुमारे ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. पृथ्वी तापली म्हणजे थंड मुलखातल्या जनावरांना बरेच वाटेल, असे आपल्याला उष्ण देशात बसून वाटते. परंतु थंड मुलखात घात करतो तो थंडीच्या मध्ये येणारा ऊबदार दिवस.

आता त्या माळावरच्या वाटा कशा बंद होत गेल्या ते पाहू. हा भाग सांगताना आमची जीभ थोडी अडखळते, आणि का ते श्रोत्यांनी समजून घ्यावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेच्या सुपीक पट्ट्यात रशियन शेतकऱ्यांच्या वसाहती पडू लागल्या. सायगाच्या शिंगांचा व्यापार त्याआधीच फोफावला होता. चिनी वैद्यकात या शिंगाला मोठा मान. १८४० ते १८५० या दहा वर्षांत बुखारा आणि खिवा येथील व्यापाऱ्यांनी सुमारे साडेतीन लाख जोड्या शिंगे विकल्याची नोंद आहे. विसावे शतक उजाडले तेव्हा सायगा फार थोड्या ठिकाणी आणि फार थोड्या संख्येने उरला होता. क्रांतीनंतर १९१९ साली सोव्हिएत सरकारने त्याच्या शिकारीवर बंदी घातली, आणि ती खरोखर अमलात आणली. कळप सावरले, वाढले, आणि १९५० च्या दशकात त्यांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. जगातल्या वन्यप्राणी-रक्षणाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

परंतु त्याच सरकारने त्याच माळावर दुसरे काय केले? फिरत्या कझाकांना एका जागी बसवायचे, त्यांची जनावरे सामुदायिक शेतांच्या गोठ्यात घालायची, असा हुकूम निघाला. गोठ्यात जमवलेल्या जनावरांना वैरण नव्हती, आणि जुट आला तर पळायला परवानगी नव्हती. १९३० ते १९३३ च्या दुष्काळात कझाकस्तानात सुमारे पंधरा लाख माणसे मेली आणि दहांतली नऊ जनावरे नाहीशी झाली. आम्ही लाल बावट्याखाली वाढलो. त्या देशाचे नाव घेऊन आम्ही तरुणपणी घोषणा दिल्या आहेत. हे पान प्रथम वाचले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. हरणाची वाट राखणाऱ्या हातांनीच माणसाची वाट मोडली होती. आणि मोडताना जो शब्द वापरला तो ‘प्रगती’ हा होता. फिरणे म्हणजे मागासलेपणा, बसणे म्हणजे सुधारणा, ही कल्पना केवळ भांडवलदारांची आहे असे आम्ही समजत होतो. ती चूक आम्ही येथे कबूल करतो.

१९५४ साली पडीक जमीन नांगराखाली आणण्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांतच कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर माळ नांगरला गेला. सायगांच्या उन्हाळी कुरणांचा उत्तरेकडचा मोठा हिस्सा गव्हाखाली गेला. तरी कळप टिकले, कारण मधला आणि दक्षिणेचा माळ मोकळा होता आणि शिकार सरकारी मोजमापाने होत होती.

१९९१ साली सोव्हिएत राज्य कोसळले. सरकारी शेते मोडली, पगार थांबले, दुकाने रिकामी झाली, आणि चीनची सरहद्द व्यापाराला खुली झाली. चार-चार महिने ज्याच्या घरात पैसा आला नाही, त्याच्या हातात बंदूक आणि मोटरसायकल आली. त्याने मांस घरी खाल्ले आणि शिंगे विकली. त्याला आम्ही सरसकट गुन्हेगार म्हणणार नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या दारातले माणूस काय करते ते आम्ही पाहिले आहे. गेंडा वाचावा म्हणून त्याच्या शिंगाऐवजी सायगाचे शिंग वापरा, असा सल्ला त्या सुमारास काही प्राणिरक्षकांनीच दिला होता. चांगल्या हेतूने दिलेला सल्ला केवढा महागात पडतो, त्याचा हा मासला. शिंगे नरालाच असल्यामुळे नरच वेचून मारले गेले. रशियातील काल्मिकिया प्रांतात नर इतके घटले की माद्या गाभण राहीनाशा झाल्या. २००३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. दहा-बारा वर्षांत दहा लाखांचे जेमतेम पन्नास हजार उरले. येथवर हवेचा दोष फारसा नाही. सगळा हिशेब माणसाच्या खात्यावर आहे.

२००५-०६ पासून कझाक सरकार आणि देशी-परदेशी संस्थांनी एकत्र येऊन रक्षणाचे काम हाती घेतले. २०१२ साली ‘अल्तीन दाला’, म्हणजे सोनेरी माळ, या नावाचे राखीव क्षेत्र झाले. कळप पुन्हा भरले. २०१५ च्या वसंतात संख्या तीन लाखांच्या आसपास पोहोचली होती, आणि काम करणाऱ्यांना आता हायसे वाटू लागले होते.

त्या मे महिन्यात वीण पाहायला गेलेल्या अभ्यासकांच्या डोळ्यांदेखत माद्या पडू लागल्या. सकाळी चरणारी मादी काही तासांत दुबळी होऊन खाली बसे आणि मरे. तिचे दूध प्यालेले पिलू तिच्या पाठोपाठ जाई. ज्या कळपात रोग शिरला त्यातले एकही जनावर वाचले नाही. आणि हे एका जागी नव्हे, तर एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कळपांत जवळजवळ एकाच वेळी झाले. बेतपाक-दालाच्या समूहातली शंभरांतली अठ्ठ्याऐंशी जनावरे गेली. जगातल्या सगळ्या सायगांपैकी निम्म्याहून जास्त एका महिन्यात मेली.

लोकांनी कारण शोधले. बैकोनूरचा अग्निबाण-तळ त्याच देशात आहे. अग्निबाणाचे विषारी इंधन माळावर सांडले असेल, असा संशय पुष्कळांनी घेतला. खरे सांगायचे तर वाचताना आम्हालाही तोच संशय पटला. टेबलापलीकडे कोणीतरी असलाच पाहिजे! परंतु तपासात विष सापडले नाही. लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले रिचर्ड कॉक आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : रोगजंतू बाहेरून आलाच नव्हता. तो निरोगी सायगाच्या घशातल्या गाठींत एरवी निरुपद्रवीपणे राहत असे. मृत्यू सुरू होण्याआधीच्या दहा दिवसांत हवा नेहमीपेक्षा फार उबदार आणि फार दमट झाली होती, आणि त्या हवेत हा घरातला पाहुणाच मारेकरी झाला. १९८१ आणि १९८८ साली अशीच मोठी मरतूक झाली होती. तेव्हाच्या हवेच्या नोंदी काढल्या, तर त्यांतही तोच दमटपणा आढळला.

आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्यांना हे सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. पावसाचा पहिला ओलावा आणि उकाडा एकत्र आला की घटसर्प उठतो, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक आहे. म्हणून तर आपल्याकडे मृगाच्या आधी गुरांना टोचून घेतात.

तेव्हा येथे आमची जुनी खोड हरली. कोणी चोरून गोळी घातली नव्हती, विष टाकले नव्हते. हवाच होती. पण मग ‘दैवी आपत्ती’ म्हणून वही मिटायची काय? आमच्या मते नाही. २०१५ ची एक घटना पृथ्वी तापल्यामुळेच झाली, असे कोणी शास्त्रज्ञ छातीठोकपणे म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणणार नाही. परंतु कझाकस्तान जगाच्या सरासरीहून अधिक वेगाने तापतो आहे. ज्या हवेत हा जंतू उठतो ती हवा पूर्वी क्वचित येत असेल, तर पुढे वारंवार येण्याची भीती आहे. आणि ही हवा आकाशातून आलेली नाही. दोनशे वर्षांच्या धुरातून आलेली आहे.

या धुराच्या बाबतीत कामगार चळवळीलाही आरशात पाहावे लागेल. त्या माळाच्या कडेला कारागांडा हे कोळशाचे शहर आहे. तेथील खाणकामगारांनी १९८९ च्या उन्हाळ्यात मोठा संप केला, तेव्हा त्यांच्या बातम्या आम्ही अभिमानाने वाचल्या होत्या. तो अभिमान आजही आहे. कोळसा काढणारा हात दोषी नाही. पण कोळशाला निर्दोष म्हणता येत नाही. आमच्या सभासदांची चूल कारखान्याच्या धुराड्यावर अवलंबून आहे, म्हणून धुराविषयी बोलायचे नाही, हा संघटनेचा धर्म होऊ शकत नाही. धूर कमी करायचा तर त्याची किंमत खाणकामगाराच्या पोटावर पडू नये, हे सांगणे आमचे काम आहे. धूर नाहीच असे सांगणे आमचे काम नाही.

आता वाटांचा प्रश्न. हवा जितकी लहरी होईल तितकी वाट मोकळी हवी, आणि नेमक्या याच काळात वाटा बंद होत आहेत. उस्तयुर्त पठारावरचे सायगा हिवाळ्यात दक्षिणेला उझबेकिस्तानात जात. सोव्हिएत काळात ती नुसती नकाशावरची रेघ होती. नंतर ती दोन देशांची सरहद्द झाली आणि तिच्यावर तारेचे कुंपण आले. २०१४ साली त्याच भागातून नवा लोहमार्ग गेला. शिकारीने आधीच खचलेला हा समूह २०१५ साली हजार-बाराशेवर आला होता. पुढे कुंपणाची खालची तार काही ठिकाणी वर उचलण्यात आली. एवढीशी तार, पण तिच्या उंचीवर एका जातीचा हिवाळा अवलंबून असतो. मंगोलियातही हीच कथा. तेथे आडव्या गेलेल्या लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे, आणि कडक हिवाळ्यात गवत शोधत आलेल्या मंगोली हरणांची प्रेते त्या तारेशी पडलेली अभ्यासकांनी मोजली आहेत. पश्चिम मंगोलियात सायगाची एक छोटी पोटजात आहे. २०१६ च्या अखेरीस शेळ्या-मेंढ्यांचा एक साथीचा रोग तिच्यात शिरला, पाठोपाठ खडतर हिवाळे आले, आणि ती निम्म्याहून खाली घसरली.

एवढे ऐकल्यावर श्रोत्यांना वाटेल की शेवट ठरलेला आहे. तसे नाही, आणि याच कारणासाठी आम्ही हा विषय निवडला. २०१५ मध्ये बेतपाक-दालात तीस-पस्तीस हजार जनावरे उरली होती. उरल नदीकडचा समूह दूर असल्यामुळे त्या वेळी वाचला होता. माळावर रखवाली चालूच राहिली. त्या कामात २०१९ साली दोन रक्षक चोरट्या शिकाऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर देशात मोठा क्षोभ झाला आणि कायदा कडक झाला. जुळी विणाऱ्या माद्यांनी बाकीचे काम केले. २०२२ मध्ये विमानातून केलेल्या मोजणीत तेरा लाख, २०२३ मध्ये एकोणीस लाख, आणि २०२४ मध्ये अठ्ठावीस लाखांहून अधिक सायगा मोजले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक यादीत त्याचे नाव ‘अत्यंत संकटग्रस्त’ या सदरातून काढून ‘संकटाच्या जवळ’ या सदरात घालण्यात आले.

त्याबरोबर नवी तक्रारही आली. कळप शेतात शिरतात, गवताच्या कापणीआधीच गवत खातात, पाणवठे गढूळ करतात, असे पश्चिम कझाकस्तानचे शेतकरी म्हणू लागले. २०२३ च्या शरदात सरकारने काही प्रमाणात मारण्याची परवानगी दिली, पुढच्या वर्षाच्या आरंभी ती थांबवली, आणि वाद अजून मिटलेला नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. ते खोटे म्हणणारा माणूस कधी शेतात उभा राहिलेला नसावा. पण संख्या ‘जास्त’ झाली असे म्हणणाऱ्यांनी २०१५ चे तीन आठवडे आठवावेत. तीन लाखांतले दोन लाख गेले, तर जात मरणाच्या दारात येते. पंचवीस लाखांतले दोन लाख गेले, तर ती ते दुःख पचवते. लहरी हवेत मोठा आकडा ही चैन समजू नये. ती शिल्लक आहे. कोणत्याही कामगाराला विचारा, आजारपणासाठी गाठीला ठेवलेल्या चार पैशांना तो ‘जास्तीचे’ म्हणत नाही.

आमचा मुद्दा आता पुरा होत आला. हवामानबदल ही एखाद्या धडधाकट जातीवर अचानक कोसळणारी कुऱ्हाड नव्हे. ज्याचे आधीच कोंडले आहे, ज्याचे नर आधीच वेचून मारले आहेत, ज्याची वाट आधीच तारेने अडवली आहे, त्याच्यावर ती पडते तेव्हा प्राणघातक होते. ज्याच्यापाशी संख्या आहे, वेगवेगळ्या ठिकाणी पांगलेले भाऊबंद आहेत आणि निघून जायला वाट आहे, तो ती सोसतो. हवा एका दिवसात आपल्या हातात येणार नाही. तारेची उंची, बंदुकीचा परवाना, लोहमार्गाखालचा बोगदा, शेतकऱ्याची भरपाई, या गोष्टी मात्र आजच माणसाच्या हातात आहेत.

त्या गाडीवानाची भरपाई आम्हाला मिळाली नाही. दोन वर्षे भांडून एवढेच पदरात पडले की टोळ्या गाव सोडण्याआधी प्रत्येक बैलाला घटसर्पाची लस टोचली जाते, आणि ती टोचल्याखेरीज आमची संघटना एकही गाडी निघू देत नाही. त्यानंतर अवकाळी पाऊस पुष्कळदा आला, पण आमच्या तळावर त्या रोगाने बैल गेला नाही. सायगाला असे टोचता येत नाही. लाखांचे कळप, धरायला दावे नाही, मालक नाही. त्याची लस म्हणजे मोकळा माळ आणि मोठा कळप. ती देणे कझाक लोकांच्या हाती आहे, आणि आकडे पाहता ते ती देत आहेत. हवेला पुन्हा तो दमट उकाडा येऊ नये यासाठी जे करायचे, त्यातला आपला वाटा मात्र आपल्यालाच उचलावा लागेल.